बारच्या टोकावरचा नंबर जपा

हडपसर इंडस्ट्रियल इस्टेट, रामटेकडी, मुंढवा, फुरसुंगी या पट्ट्यात पाच-पंचवीस माणसांवर चालणाऱ्या ज्या शेड आहेत, त्यांच्या मालकांसाठी आणि तिथे हिशोब बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण स्वतः निर्यात करत नाहीत. मोठ्या कंपनीकडून माल येतो, तुम्ही टर्निंग-मिलिंग करून तो चलनावर परत पाठवता आणि महिन्याअखेर बिल लावता. त्यामुळे अमेरिकेने आयात शुल्क वाढवलं, युरोपने कार्बनचा हिशोब मागितला किंवा चीनने एखाद्या धातूची निर्यात रोखली, तर त्या बातम्या मोठ्यांच्या आहेत असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात त्या तुमच्याकडेही येतात, फक्त वेगळ्या रूपात. ग्राहकाचं शेड्यूल अचानक अर्ध्यावर येतं. पर्चेस ऑर्डरमध्ये एक नवीन अट घुसते. ‘एका नगामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड?’ असं विचारणारी एक्सेल शीट मेलवर येते आणि चार दिवसांत भरून मागितली जाते.

वॉशिंग्टन किंवा ब्रुसेल्समध्ये काय ठरावं, हे आपल्या हातात नाही. आपला कुठला पार्ट कुठल्या देशात जातो, तो कुठल्या पोलादातून झाला आणि त्याच्यासाठी किती इंधन जळलं, हे सांगता येणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. येत्या काही वर्षांत काम कोणाकडे राहील आणि कोणाकडून जाईल, हे बऱ्याच अंशी यावरून ठरणार आहे. भाव आणि क्वालिटी लागेलच, पण ती शेजारच्या शेडकडेही असते.

मांजरीत हे आधी घडलेलं आहे

हडपसरच्या शेजारी मांजरीत १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. लेथवाल्याला द्राक्षांशी काय देणंघेणं, असं म्हणू नका. आपल्या आधी तीच परीक्षा देऊन पास झालेली मंडळी म्हणजे द्राक्ष बागायतदार.

२०१० च्या हंगामात महाराष्ट्राच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. वेलीची वाढ आवरण्यासाठी आपले बागायतदार सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरत. त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. ही मर्यादा फार बारीक होती आणि निर्यातीआधीच्या तपासण्यांत या रसायनावर कोणाचं लक्षच नव्हतं. माल दिसायला उत्तम होता, चवीला उत्तम होता आणि तरी तो परदेशी बंदरात पडून राहिला. बागायतदारांना मोठा फटका बसला.

त्यातून बाहेर कसं पडलो, हे बघण्यासारखं आहे. केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेची, म्हणजे अपेडाची, ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था २००६ पासूनच होती. निर्यातीसाठीचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा, त्या प्लॉटला स्वतःचा नंबर, नमुना त्या नंबराने प्रयोगशाळेत आणि पॅकहाउसमधली पेटीही त्याच नंबराशी जोडलेली. सीसीसीच्या धक्क्यानंतर तपासण्याच्या रसायनांची यादी वाढली आणि मांजरीच्या केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा या सगळ्या तपासणीच्या मध्यभागी राहिली. आज नेदरलँड्समधल्या दुकानातल्या पेटीवरून इकडे नाशिक किंवा सांगलीतला प्लॉट काढता येतो. हे साधलं ते बागेत, कापणीच्या आधी, प्लॉटनिहाय नोंद ठेवल्यामुळे. माल बंदरावर पोचल्यावर कागद जमवायला बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आपल्या धंद्यात प्लॉटच्या जागी हीट नंबर असतो.

आधी माल जातो कुठे, ते काढा

तुमच्याकडच्या चालू पार्टांची यादी करा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: वर्षाला किती टन जातो, ग्राहक तो शेवटी कुठल्या देशात पाठवतो आणि त्याचा एचएस कोड, म्हणजे शुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक, काय. पहिली तुम्हाला माहीत असते. उरलेल्या दोन ग्राहकाच्या पर्चेस खात्याला सरळ विचाराव्या लागतात. काही जण सांगायला कांकूं करतात. ‘तुमची कार्बनची शीट भरायची तर कोड लागेल,’ असं म्हटलं की बहुतेक वेळा मिळतो.

कोडवर एवढा जोर देण्याचं कारण २०२५ सालात स्पष्ट दिसलं. अमेरिकेने मार्चमध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवर २५ टक्के शुल्क लावलं आणि ४ जूनपासून ते ५० टक्क्यांवर नेलं. मोटारींच्या सुट्या भागांवर ३ मेपासून २५ टक्के आलं. भारताच्या इतर बऱ्याच मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचं कारण पुढे करून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के बसलं. अवजड ट्रकच्या भागांवर १ नोव्हेंबरपासून वेगळं २५ टक्के. त्यानंतरही हे दर हलत राहिले आणि पुढेही हलतील, म्हणून आजचा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. समजून घ्यायचं ते एवढंच की एकाच शेडमधला एक ब्रॅकेट पोलादी वस्तू म्हणून एका दराने अडतो आणि शेजारच्या मशीनवरचा पार्ट मोटारीचा भाग म्हणून दुसऱ्या दराने. कोड माहीत असला तर बातमी आली त्याच दिवशी तुम्हाला कळतं की आपल्या किती टनांवर संकट आहे. नाहीतर शेड्यूल पडल्यावर कळतं, तेव्हा कामगारांच्या पगाराची तारीख जवळ आलेली असते.

दरवाजे उघडतही आहेत. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या एफ्टा गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं २७ जानेवारी २०२६ रोजी जाहीर झालं. पण सवलतीचं शुल्क कोणालाही आपोआप मिळत नाही. माल भारतीय मूळचा आहे, हे त्या-त्या कराराच्या नियमांनुसार दाखवावं लागतं. इथेही प्रश्न पोलादापाशीच येऊन थांबतो: बार भारतात वितळलेला की आयात केलेला?

एक नंबर, चार विचारणारे

आता मूळ मुद्दा. गिरणीत पोलादाचा एक घाणा वितळतो, त्याला हीट नंबर मिळतो. मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या भाषेत एमटीसी, त्या हीटचं असतं. आजवर आपण ते ग्रेड आणि केमिस्ट्री बघण्यापुरतं वापरलं. आता त्याच कागदाला चार वेगवेगळे विचारणारे आहेत.

युरोपने ३० सप्टेंबर २०२३ पासून नियम केला की तिसऱ्या देशातून येणाऱ्या पोलादी वस्तूत रशियन लोखंड-पोलाद नाही याचा पुरावा हवा. एमटीसी हा तिथे चालणारा पुरावा आहे. अमेरिका पोलादी मालाच्या आयातीत पोलाद कुठल्या देशात वितळलं आणि ओतलं, हे विचारते. मुक्त व्यापार करारांत मूळ देशाचा प्रश्न येतो. आणि चौथा विचारणारा म्हणजे आयात मालातल्या कार्बनवर पैसे घेणारी युरोपची कार्बन सीमा यंत्रणा, ‘सीबॅम’. युक्रेनचं युद्ध, चीनशी स्पर्धा, हवामान बदल, व्यापार करार ही चार मोठी प्रकरणं आपल्याकडे येऊन बारच्या टोकावर पंच केलेल्या त्या सात-आठ आकड्यांवर टेकतात.

आणि तो नंबर आपल्या शॉपमध्ये नेमका कुठे हरवतो? बँडसॉवर. बार आला, ऑपरेटरने हाताला आलेलं टोक पुढे घेतलं, पहिला तुकडा कापला आणि नंबर त्या तुकड्याबरोबर गेला. उरलेला साडेपाच मीटरचा बार निनावी झाला. संध्याकाळी तो रॅकवर दुसऱ्या हीटच्या बारांत मिसळला की पुढे कोणीही, कितीही शिकलेला असो, तो वेगळा काढू शकत नाही.

यावर खर्च जवळपास शून्य आहे. माल उतरवताना, टेम्पो उभा असतानाच, बारवरचा नंबर सर्टिफिकेटशी ताडून घ्या. व्यापारी बऱ्याचदा एकाच ग्रेडच्या तीन हीटचा माल देतो आणि एकाच हीटची झेरॉक्स जोडतो. टेम्पो गेल्यावर तक्रार करून काही होत नाही. मग दोन्ही टोकांवर ऑइल पेंटने रंग द्या, हीटनिहाय वेगळा. कापताना नंबराचं टोक शेवटी ठेवायचं, ही शिस्त ऑपरेटरला लावा. अर्धा बार दुसऱ्या मशीनला द्यायचा असेल तर कापण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर नंबर पंच करा. कापलेले ब्लँक ज्या क्रेटमध्ये जातील त्या क्रेटच्या टॅगवर हीट नंबर, रूट कार्डवर तोच, बाहेर हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला जाताना जॉबवर्क चलनावर तोच. कोपऱ्यात साठलेले निनावी एंडपीस फिक्श्चरला, जिगला, घरच्या वापराला घ्या. निर्यातीच्या लॉटमध्ये एकही जाता कामा नये.

माल ग्राहकाचाच असेल तर एमटीसी त्याच्याकडे असतं. त्याला सांगा, येणाऱ्या चलनावर हीट नंबर टाका. नकार द्यायला त्याच्याकडे कारण नाही.

सीबॅमचा हिशोब, शॉपफ्लोअरच्या भाषेत

सीबॅमची नोंदणीची फेरी १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली आणि २०२५ अखेर संपली. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशांची फेरी सुरू झाली. पैसे युरोपातला आयातदार भरतो, तुम्ही नाही. पण तो भरणार असेल तर कमी कार्बनचा पुरवठादार शोधणार, हे उघड आहे. सध्या यात सिमेंट, खत, वीज, हायड्रोजन, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड-पोलाद आहे. आपल्या कामाच्या दृष्टीने एचएस कोड ७३१८ मधले बोल्ट-नट-स्क्रू आणि ७३२६ मधल्या इतर पोलादी वस्तू आत येतात. ८७०८ मधले मोटारीचे भाग आज बाहेर आहेत, पण पोलादापासून बनणाऱ्या पुढच्या वस्तूंनाही आत घ्यायचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. सुरुवातीच्या वर्षांत ओझं हलकं आहे, २०३४ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने पूर्ण होईल. म्हणजे शिकायला थोडा वेळ आहे.

ज्या थोड्या शेड स्वतः थेट युरोपला पाठवतात, त्यांनी एक गोष्ट लगेच विचारून घ्यावी. ज्या आयातदाराची सीबॅममधल्या मालाची वर्षाची एकूण आयात ५० टनांच्या आत आहे, त्याला यातून सूट आहे. तुमचा ग्राहक तिथला छोटा व्यापारी असेल तर कदाचित हा प्रश्नच उद्भवणार नाही. ऐकीव माहितीवर घाबरून सल्लागाराला मोठी फी देण्याआधी हा एक मेल करा.

आता आकडे. समजा महिन्याला तुम्ही २० टन बार घेता आणि त्यातून १५ टन तयार पार्ट जातात. पाच टन बर आणि तुकडे भंगारात. भारतातल्या पोलादाची सरासरी घेतली तर एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २० टनांचे झाले ५० टन. हे सगळं ओझं १५ टन पार्टांवर पडतं, म्हणजे टनाला ३.३ टन. वीज महिन्याला ६,००० युनिट धरा. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो, म्हणजे ४.२ टन, पार्टच्या टनाला २८० किलो. जनरेटरला १०० लिटर डिझेल, लिटरमागे २.७ किलो, म्हणजे २७० किलो, पार्टच्या टनाला फक्त १८ किलो.

हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. बहुतेक मालक कार्बन म्हटलं की जनरेटरकडे बोट दाखवतात किंवा छतावर सोलर बसवायच्या गोष्टी करतात. सोलर चांगलंच आहे, वीजबिलासाठी जरूर बसवा. पण पोलादाच्या बाबतीत सीबॅम सध्या जळलेल्या इंधनाचा आणि आत आलेल्या पोलादाचाच हिशोब धरतं, विजेचा नाही. आणि वीज धरली तरी खरा डोंगर बारमध्येच आहे.

म्हणून दोनच गोष्टींनी आकडा खरोखर हलतो. एक, भंगार कमी करणं. तोच पार्ट बारमधून काढण्याऐवजी आकाराच्या जवळ जाणाऱ्या फोर्जिंगमधून काढला आणि २० ऐवजी १७ टन पोलाद लागलं, तर पोलादाचा वाटा ३.३ वरून २.८ वर येतो. फोर्जिंगच्या भट्टीचं इंधन त्यात मिळवावं लागेल, तरी बऱ्याच पार्टांत फायदा उरतो. मुंढव्यात भारत फोर्ज १९६६ पासून हेच काम करत आलं आहे, त्या भोवतीच्या परिसरात फोर्जिंग जाणणारी माणसं कमी नाहीत. ग्राहकाच्या डिझाइन खात्याशी हे बोलणं तुम्ही सुरू केलं पाहिजे. ड्रॉइंग बदलायला सहा महिने लागतात, हे धरून चला. बरची बचत आणि सायकल टाइमची बचत हा वरचा नफा.

दुसरं, पोलाद कुठल्या भट्टीतून आलं ते. कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसमधलं आणि भंगार वितळवून इलेक्ट्रिक भट्टीत केलेलं, यांच्या कार्बनमध्ये मोठं अंतर असतं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली: तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांच्या आत असेल तर हरित, १.६ च्या आत असेल तर पाच तारे. वरच्याच उदाहरणात १.६ चं पोलाद घेतलं तर २० टन बारचे ३२ टन होतात आणि पार्टच्या टनाला २.१. एवढी घट शेडमधल्या दुसऱ्या कुठल्याही उपायाने मिळणार नाही. अर्थात अमुक हीट कुठल्या गिरणीची, हे दाखवता आलं तरच हा फायदा तुमच्या नावावर लागतो. खरा आकडा सिद्ध करता आला नाही तर युरोप आपल्या ठरवून दिलेल्या आकड्याने मोजतं आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. नोंद नसणाऱ्याला असा दंड बसतो.

हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगवाल्याला फार किचकट प्रश्न विचारू नका. ‘महिन्याला भट्टीतून किती टन माल गेला आणि किती गॅस किंवा ऑइल जळलं,’ एवढंच मागा. भागाकार तुमचा तुम्ही करा. आणखी एक बारकावा: आपलं हिशोबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, युरोपचं जानेवारी ते डिसेंबर. वार्षिक आकडे ठेवलेत तर दोन्हींना उपयोग नाही. महिन्याचे ठेवा, मग कोणीही कसेही मागो.

यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायची घाई नको. माल किती आला, किती गेला हे जीएसटीच्या जॉबवर्क चलनांत आणि आयटीसी-०४ मध्ये आधीच आहे. विजेचं बिल आहे, डिझेलच्या पावत्या आहेत, भंगारवाल्याचं वजनाचं बिल आहे. तुमचा अकाउंटंट जे पैशांच्या रकान्यात भरतो तेच त्याने किलो, लिटर आणि युनिटच्या रकान्यातही भरायचं. महिन्याला दोन तासांचं काम आहे.

रविवारची एक चाचणी

विजेचा कार्बन युरोप सध्या धरत नसला तरी तुमचा इथला मोठा ग्राहक धरतो. सेबीच्या नियमाप्रमाणे पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो आणि त्यातले प्रश्न हळूहळू पुरवठादारांकडे येत आहेत. शिवाय बिल तुम्हीच भरता.

शेडमधली सगळ्यात जास्त वीज कुठे वाया जात असेल तर कॉम्प्रेस्ड एअरमध्ये. रविवारी सगळी मशीन बंद ठेवा, फक्त कॉम्प्रेसर चालू करा. कोणी हवा वापरत नसताना तो किती मिनिटं लोडवर जातो आणि किती मिनिटं अनलोड राहतो, हे अर्धा तास घड्याळ लावून लिहा. लोडची वेळ भागिले एकूण वेळ, हे तुमचं गळतीचं प्रमाण. ३० टक्के निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, साबणाचं पाणी घेऊन कपलिंग आणि पाइपच्या जोडांवर फिरा. नंतर प्रेशर बघा. गरज सहा बारची असताना साडेसातवर ठेवलेला कॉम्प्रेसर सर्रास दिसतो. एक बार कमी केला की विजेत साधारण सहा-सात टक्के बचत होते.

वापरलेलं तेल आणि कूलंटचा गाळ अधिकृत रिसायकलरलाच द्या आणि त्याची पावती फाइलला लावा. उघड्या गटारात सोडलेलं शेवटी मुळा-मुठेतच जातं आणि खाली मांजरीपासून पुढच्या शेतांना तेच पाणी लागतं. इथे मी कायद्याआधी शेजारधर्म धरतो.

लघुउद्योगासाठीचं झेड प्रमाणपत्र या सगळ्या कामाची चांगली चौकट देतं. सूक्ष्म उद्योगाला त्याच्या फीमध्ये ८० टक्के आणि लघु उद्योगाला ६० टक्के अनुदान आहे. ब्राँझपासून सुरुवात करा.

एकाच देशातून येणारी वस्तू

सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट सुरू केलं. २०२१ मध्ये जग सिरमकडे कोरोनाच्या लशीसाठी डोळे लावून बसलं होतं. त्या वर्षी १६ एप्रिलला सिरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जाहीर आवाहन केलं की लशीच्या कच्च्या मालावरची निर्यातबंदी उठवा. अडलं होतं ते फिल्टर, एकदा वापरायच्या पिशव्या अशा वस्तूंवर. त्याच वसंतात भारतानेही देशातली लाट बघून लशीची निर्यात रोखली आणि कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेवर विसंबलेले गरीब देश नोव्हेंबरपर्यंत थांबून राहिले. प्रत्येक देश संकटात आधी आपलं बघतो. हे चूक की बरोबर यावर वाद होईल, पण धंदा करणाऱ्याने ते गृहीत धरून चालावं.

तुमच्या शेडमधली अशी वस्तू म्हणजे कार्बाइड इन्सर्ट. त्यातला टंगस्टन जगाला मुख्यतः चीन पुरवतो आणि ४ फेब्रुवारी २०२५ पासून चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुर्मीळ मृदा चुंबकांवर बंधन आलं आणि आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोला चेतक स्कूटरचं उत्पादन घटवावं लागेल असं सांगावं लागलं.

म्हणून स्टोअरमधल्या ज्या वस्तू थांबल्या की मशीन थांबतं, त्यांची वेगळी यादी करा. प्रत्येकीसमोर ती बनते कुठे, हे लिहा. व्यापारी पुण्याचा असला तरी माल कुठला, ते पाकिटावर असतं. जिथे एकाच देशाचं नाव येतं तिथे दुसऱ्या मेकचा इन्सर्ट आत्ताच, निवांत असताना ट्रायल घेऊन ठेवा. फीड-स्पीड बदलावा लागतो, टूल लाइफ वेगळी येते, ग्राहकाची मंजुरी लागते. ऐन टंचाईत हे जमत नाही. दोन महिन्यांचा साठा ठेवायला परवडत असेल तर ठेवा, पण सगळ्याच वस्तूंचा नको, भांडवल अडकतं. आणि झिजलेले इन्सर्ट बरमध्ये टाकू नका. मशीनजवळ वेगळा डबा ठेवा. टंगस्टनमुळे त्याला किलोवर चांगला भाव मिळतो.

पैसे अडकू नयेत म्हणून

शुल्काचा भार कोणी उचलायचा, हे पर्चेस ऑर्डरमधल्या एका ओळीवर ठरतं. थेट निर्यात करणाऱ्याने एफओबीवर माल दिला तर तिकडचं शुल्क ग्राहकाचं. डीडीपी लिहिलं असेल तर परदेशातलं शुल्क तुमच्या खिशातून. ही तीन अक्षरं न वाचता सही करू नका. इथल्या मोठ्या कंपनीला पुरवठा करणाऱ्याने ऑर्डरमध्ये ‘आयात शुल्क बदलल्यास डेबिट नोट’ अशी एकतर्फी अट आहे का ते बघावं आणि असेल तर त्याजागी ‘दोघांच्या संमतीने किंमत पुन्हा ठरेल’ असा बदल मागावा. मागितल्यावर दरवेळी मिळेलच असं नाही, पण न मागता तर कधीच मिळत नाही.

उद्यम नोंदणी नसेल तर आजच करा. एमएसएमई कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशिराबद्दल बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज कायद्याने ठरवलेलं आहे. आयकर कायद्यात ४३बी(एच) या कलमाने आणलेल्या तरतुदीमुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ग्राहकाने मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच त्याला तो खर्च वजा करता येतो. म्हणून मार्च जवळ आला की फोन लवकर उचलले जातात. तुमचा नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल वटवण्याच्या व्यवस्थेवर येणं सक्तीचं आहे. ग्राहकाने बिल मान्य केलं की बँक तुम्हाला दोन-तीन दिवसांत पैसे देते आणि व्याज ग्राहकाच्या पतपात्रतेवर ठरतं, तुमच्या नव्हे. थेट निर्यातदाराने ईसीजीसीचं विमा संरक्षण घ्यावं. शुल्कवाढीनंतर परदेशी ग्राहकच डबघाईला आला, तर दुसरा आधार नसतो.

आणि पुढचं कोटेशन देताना मटेरियल, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट, पॅकिंग या ओळींखाली आणखी एक ओळ घाला: हीटनिहाय ट्रेसेबिलिटी आणि कार्बनची मासिक नोंद, नगाला अमुक पैसे. ऑपरेटरचा वेळ, पंच, पेंट, अकाउंटंटचे दोन तास, सगळं त्यात धरा. १५ टनांच्या महिन्यावर भागलं तर किलोला काही पैसेच पडतील. ग्राहक घासाघीस करेल, कदाचित ओळ खोडेलही. पण त्याने तुमच्याकडून कार्बनची शीट मागितली तर तिचा भाव आधी कागदावर आलेला हवा, आणि त्याच्या युरोपच्या मेलला चार दिवसांत उत्तर देणारी शेड कुठली, हे त्याच्या पर्चेस खात्याला तुमच्या कोटेशनवरूनच कळलेलं हवं.